प्रस्तावना : सोमवार आलाच पाहिजे

बुऱ्हाणपूरच्या जामा मशिदीत एक अरबी आणि एक संस्कृत असे दोन शिलालेख आहेत. दोन्ही फारूकी सुलतान आदिलशाहाचे. हाच इतिहासातला राजा अली खान. मशिदीत संस्कृत लेख म्हटल्यावर येणारे-जाणारे थबकतात, सलोख्याचे दोन शब्द बोलतात आणि पुढे जातात. प्रोग्रामरने तिथे जरा जास्त वेळ थांबावे. त्या संस्कृत लेखातली तारीख ज्या काटेकोरपणे दिली आहे तो काटेकोरपणा आपल्या धंद्यात क्वचित दिसतो. विक्रम संवत १६४६, शके १५११, विरोधी संवत्सर, पौष शुद्ध दशमी, काही घटींनंतर लागणारी एकादशी, वार सोमवार, नक्षत्र कृत्तिका आणि पुढे रोहिणी. अरबी लेखात साल आहे हिजरी ९९७.

आता गावातल्या जुन्या वास्तूंची यादी ठेवणारा एक छोटा प्रोग्राम लिहायचा आहे असे समजा. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो, हे शाळेत शिकलेले असते. १५११ अधिक ७८ म्हणजे १५८९. संवतातून ५७ वजा केले तरी १५८९. हिजरी ९९७ चा बराचसा भागही १५८९ मध्येच पडतो. तेव्हा ‘साल’ नावाचे एक फील्ड, त्यात १५८९, आणि दोन तारखा समान आहेत का हे पाहताना सालाशी साल ताडायचे. प्रोग्राम आनंदाने सांगेल की तिन्ही समान. हे उत्तर दोन ठिकाणी चुकले आहे. पौष महिना इसवी सनाच्या सीमेवर येतो; लेखातला दिवस १५९० च्या जानेवारीतला आहे. आणि हिजरी ९९७ हे वर्ष त्याच्या दोन महिने आधीच संपून गेले होते. म्हणजे अरबी लेखातले साल आणि संस्कृत लेखातला दिवस एकमेकांना शिवतसुद्धा नाहीत.

या पुस्तकाचा विषय हा आहे: दोन ऑब्जेक्ट समान आहेत असे आपण केव्हा म्हणायचे, ते कोडमध्ये कसे लिहायचे आणि लिहिलेले बरोबर आहे हे कसे तपासायचे. विषय दिसायला एका फंक्शनचा आहे. जावात ते ‘इक्वल्स’, पायथनमध्ये ‘ईक्यू’, सी-शार्पमध्ये पुन्हा ‘इक्वल्स’. आठ-दहा ओळींचा मजकूर, तोही हल्ली हाताने कोणी लिहीत नाही. आयडीई विचारतो की कोणती फील्डे घ्यायची, आपण सगळ्यांवर टिक मारतो आणि पुढच्या कामाला लागतो. ती टिक मारण्याच्या क्षणी आपण एक निर्णय घेतलेला असतो, आणि तो घेतल्याचे आपल्याला कळलेलेही नसते. समानता मशीन शोधून काढत नाही. ती क्लास लिहिणाऱ्याने ठरवायची असते. एवढे एक वाक्य मनात पक्के ठेवून पुढची प्रकरणे वाचावीत.

सुरुवात तोच आणि तसाच या भेदापासून होते. हा भेद आपल्याकडे नवा नाही. काल पाहिलेला देवदत्त आज समोर आला की ‘सोऽयं देवदत्तः’, तोच हा, असे ज्ञान होते. त्याला न्याय आणि वेदान्तवाल्यांनी प्रत्यभिज्ञा म्हटले. बौद्धांनी प्रतिप्रश्न केला की दिव्याची ज्योतही ‘तीच’ वाटते, प्रत्यक्षात मात्र ती क्षणोक्षणी नवी, आधीच्यासारखी दुसरी असते. संगणकापुरते या वादाचे उत्तर सोपे आहे, कारण मेमरीत पत्ता असतो. दोन नावे एकाच पत्त्याकडे बोट दाखवत असतील तर ‘तोच’. पत्ते वेगळे पण आतला मजकूर सारखा, तर ‘तसाच’. स्मॉलटॉकमध्ये १९७० च्या दशकातच यासाठी दोन वेगळी चिन्हे होती. जावाने दुहेरी बरोबर (==) पहिल्याला दिले आणि दुसऱ्यासाठी इक्वल्स ठेवले. कोटलिनने तेच दुहेरी बरोबर दुसऱ्या अर्थाने वापरले आणि ‘तोच’साठी तिहेरी बरोबर (===) आणले. एका भाषेतून दुसरीत गेलेल्या माणसाची बोटे जुन्या सवयीने चालतात आणि चूक होते.

जावात एक खोडकर प्रकार आहे, तो नवशिक्यांना मुद्दाम दाखवावा. इन्टिजर प्रकारच्या दोन चलांमध्ये १२७ ठेवा आणि दुहेरी बरोबरने ताडा: उत्तर हो. १२८ ठेवा: उत्तर नाही. उणे १२८ ते १२७ पर्यंतचे आकडे जावा आधीच तयार करून ठेवते आणि तेच पुन्हा पुन्हा देते. त्यापुढचा आकडा मागितला की साधारणतः नवा ऑब्जेक्ट बनतो. ज्याच्या टेस्टमध्ये सगळे आकडे शंभराच्या आतले आहेत त्याला ही चूक कधी दिसणारच नाही. ग्राहक वाढले, क्रमांक १२८ च्या पुढे गेला, की प्रोग्राम गडबडतो आणि ‘काल तर चालत होते’ असे फोन येऊ लागतात.

पण तोच-तसाच कळले म्हणजे विषय संपला असे समजू नये. खरी अडचण ‘तसाच’च्या पोटात आहे. कोणत्या बाबतीत तसाच?

बुऱ्हाणपूर ही मुघलांची मोठी टांकसाळ होती. तिथला चांदीचा रुपया घ्या. सामान्य माणसाला एक रुपया दुसऱ्यासारखाच. सराफाला तसे नव्हते. चालू सालाचा ताजा रुपया सिक्का, मागच्या सालांचा तो चलनी, आणि चलनीला बट्टा लागे. वजन तेच, चांदी तीच, टांकसाळ तीच. पण त्यावरचे राज्यारोहण-वर्ष वेगळे, म्हणून सराफाच्या हिशेबात दोन्ही असमान. आज तोच रुपया एखाद्या संग्रहालयात असेल तर त्याला नोंदणी क्रमांक असतो, आणि एकाच ठप्प्यातून निघालेली दोन नाणीही तिथे दोनच राहतात; एक हरवले तर दुसरे दाखवून भागत नाही. म्हणजे ‘रुपया’ या एका क्लासच्या तीन समानता झाल्या: गिऱ्हाइकाची, सराफाची, संग्रहालयाची. तिन्ही बरोबर. एरिक इव्हान्स यांनी २००३ च्या ‘डोमेन-ड्रिव्हन डिझाइन’मध्ये एन्टिटी आणि व्हॅल्यू ऑब्जेक्ट असा जो फरक केला, तो हाच. ओळखीने ओळखायची वस्तू वेगळी, गुणांनी ओळखायची वेगळी. आणि कोणती वस्तू कोणत्या खात्यात हे वस्तूकडे पाहून ठरत नाही, कामाकडे पाहून ठरते.

तारखेचेही असेच आहे आणि जावाच्या ग्रंथालयात त्याचा पुरावा मिळतो. जावा ८ मध्ये, २०१४ साली, तारखांचे नवे पॅकेज आले. त्यातल्या लोकलडेटला समानतेची दोन फंक्शने आहेत. ‘इक्वल्स’ला समोर दुसरी लोकलडेटच लागते, हिजरी किंवा जपानी पद्धतीची तारीख दिली तर दिवस एक असूनही उत्तर नाही. ‘इझइक्वल’ मात्र फक्त काळाच्या रेषेवरची जागा पाहते, दिनदर्शिका कोणती ते विचारत नाही. लिहिणाऱ्यांनी इथे हात वर केले नाहीत. प्रश्न दोन आहेत हे मान्य करून त्यांना दोन नावे दिली, आणि मला वाटते की या विषयात यापेक्षा चांगला सल्ला देता येत नाही. त्याउलट जुने ग्रेगोरियनकॅलेंडर पाहा. तिथे क्षण एकच असला तरी आठवडा रविवारी सुरू धरायचा की सोमवारी ही मांडणी वेगळी असेल तर दोन ऑब्जेक्ट असमान ठरतात. दस्तऐवजात हे नमूद आहे, पण वाचतो कोण! (जावाच्या हिजरी दिनदर्शिकेत ९९७ साल मागू नका. तिचे कोष्टक हिजरी १३०० पासून पुढचे आहे. पुस्तकात त्यासाठी वेगळी गणिती पद्धत वापरली आहे.)

समानतेचे नियम गणितातून येतात आणि पाठ करायला सोपे आहेत. वस्तू स्वतःशी समान असावी. अ हा ब सारखा असेल तर ब हा अ सारखा असावा. अ-ब आणि ब-क समान असतील तर अ-क समान असावेत. आत काही बदलले नसेल तर उत्तरही बदलू नये. आणि ‘नल’शी कोणीही समान नसावे. पाठ करायला सोपे म्हटले. मोडायलाही तितकेच सोपे आहेत, आणि बहुतेक वेळा चांगल्या हेतूने मोडले जातात.

तिसरा नियम कसा मोडतो ते बुऱ्हाणपूरच्या लेखांवरूनच दाखवता येते. अरबी लेखात फक्त साल आहे, दिवस नाही. तेव्हा एखादा समजूतदार प्रोग्रामर म्हणतो: जिथे दिवस माहीत नाही तिथे ‘जुळू शकत असेल तर समान’ धरू. हिजरी ९९७ हे १५८८ च्या नोव्हेंबरपासून १५८९ च्या नोव्हेंबरपर्यंत चालले. म्हणजे ते चैत्रादी संवत १६४५ शी जुळू शकते आणि १६४६ शीही. झाले, ९९७ आणि १६४५ समान. ९९७ आणि १६४६ समान. पण १६४५ आणि १६४६? त्यांना समान म्हणायला कोणीच तयार होणार नाही. सवलत दिली आणि नियम मोडला. असे तीन ऑब्जेक्ट एका सेटमध्ये टाकले तर आत किती राहतील हे कोणत्या क्रमाने टाकले त्यावर अवलंबून राहू शकते. ‘जुळू शकते’ हा प्रश्न चुकीचा नाही, इतिहासाच्या अभ्यासकाला तो रोज पडतो. पण त्याला इक्वल्समध्ये जागा नाही. त्याचे वेगळे फंक्शन करावे आणि त्याला वेगळे नाव द्यावे.

दुसऱ्या नियमाचे उदाहरण जावाच्या घरातच आहे. टाइमस्टॅम्प हा क्लास जुन्या डेटपासून निघाला, त्याने नॅनोसेकंद जोडले, आणि डेट टाइमस्टॅम्पला समान म्हणते पण टाइमस्टॅम्प डेटला म्हणत नाही अशी अवस्था झाली. ही त्रुटी दस्तऐवजात कबूल केलेली आहे. यातून जॉशुआ ब्लॉक यांनी ‘इफेक्टिव्ह जावा’त एक निष्कर्ष मांडला, तो अनेकांना पचत नाही: ज्या क्लासचे ऑब्जेक्ट बनवता येतात त्याला वारस क्लास करून त्यात समानतेत मोजले जाणारे नवे फील्ड घातले, तर वारशाचे फायदे सांभाळून इक्वल्सचे सगळे नियम पाळण्याचा मार्ग उरत नाही. मार्टिन ओडर्स्की, लेक्स स्पून आणि बिल व्हेनर्स यांनी २००९ मध्ये ‘कॅनइक्वल’ नावाची पळवाट सुचवली, तिची चर्चा पाचव्या प्रकरणात आहे. माझे मत विचाराल तर वारसा टाळावा, तारीख फील्ड म्हणून आत ठेवावी आणि रात्री झोपावे.

चौथा नियम मोडणारा क्लास तर गमतीचा आहे. जावाच्या यूआरएल क्लासचे इक्वल्स दोन होस्टची नावे एकाच आयपी पत्त्यावर जातात का ते पाहते. म्हणजे समानता इंटरनेटवर अवलंबून! जोडणी असताना दोन ऑब्जेक्ट समान, जोडणी गेली की असमान.

इक्वल्सबरोबर हॅशकोड येतोच आणि नव्या माणसाचा सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो. पिनकोड आठवा. केंद्रीय दळणवळण मंत्रालयातले अधिकारी आणि संस्कृत कवी श्रीराम भिकाजी वेलणकर यांच्या योजनेतून तो १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाला. बुऱ्हाणपूरचा पिन ४५०३३१. दोन पाकिटांवरचा पत्ता खरोखर एकच असेल तर पिन एकच असला पाहिजे. नाहीतर एक पाकीट दुसऱ्याच गावी जाईल. उलट दोन पाकिटांचा पिन एक असला म्हणून पत्ता एक होत नाही, पोस्टमनला पुढे गल्ली आणि नाव वाचावेच लागते. हॅशकोडचा करार शब्दशः एवढाच आहे. समान ऑब्जेक्टचा हॅशकोड समान हवा. असमान ऑब्जेक्टचा वेगळा असलाच पाहिजे असे नाही, असला तर काम लवकर होते. इक्वल्स लिहिले आणि हॅशकोड विसरला तर जावा काही बोलत नाही. ऑब्जेक्ट हॅशसेटमध्ये असतो, आपण ‘आहे का?’ विचारतो, सेट म्हणतो नाही. पायथन इथे अधिक प्रामाणिक आहे: ईक्यू लिहून हॅश लिहिला नाही तर ती भाषा तो ऑब्जेक्ट सेटमध्ये घालायलाच नकार देते. आधीच भांडून घेणारी भाषा मला बरी वाटते.

सेटमध्ये ठेवलेल्या ऑब्जेक्टचे फील्ड नंतर बदलले तर काय, हेही याच जातीचे दुखणे. वास्तूंची यादी तपासताना कोणाला कळते की मशिदीच्या लेखासाठी भरलेली ५ जानेवारी ही तारीख ज्युलियन, म्हणजे जुन्या दिनदर्शिकेतली होती. तो जागेवरच दुरुस्ती करतो. आणि ती नोंद सेटमध्ये असूनही सापडेनाशी होते. म्हणून समानतेत मोजली जाणारी फील्डे न बदलणारी ठेवावीत. जावा १६ पासून, म्हणजे २०२१ पासून, रेकॉर्ड आले आणि ही शिस्त बरीचशी भाषेनेच अंगावर घेतली. बरीचशी म्हणतो, कारण रेकॉर्डच्या आत ॲरे ठेवला तर तो पुन्हा पत्त्यानेच ताडला जातो.

नावांचा प्रश्न मराठी वाचकाला जास्त जवळचा वाटेल, कारण त्याचे मूळ आपल्या लिपीत आहे. ‘बुऱ्हाणपूर’ हा शब्द टाइप करा. त्यातला ऱ्ह संगणकात तीन तऱ्हांनी येऊ शकतो. एक, युनिकोडमधले ऱ हे स्वतंत्र अक्षर आणि हलन्त. दोन, साधा र, त्याखाली नुक्ता, मग हलन्त. तीन, साधा र, हलन्त आणि न दिसणारे जोडचिन्ह, म्हणजे झीरो विड्थ जॉइनर. बहुतेक फाँटमध्ये तिन्ही डोळ्यांना सारखेच दिसतात. स्ट्रिंगचे इक्वल्स मात्र आतले आकडे पाहते आणि तिघांना तीन गावे समजते. युनिकोडचे नॉर्मलायझेशन चालवले तर पहिले दोन एक होतात. तिसरे होत नाही. ते युनिकोडच्या लेखी समकक्षच नाही, त्यासाठी आपला नियम आपणच लिहावा लागतो. हिंदी कागदपत्रांत त्याच गावाचे ‘बुरहानपुर’ होते, आणि मतदारयादी, शाळेचा दाखला, सातबारा आणि खसरा यांची सांगड घालणाऱ्याला ही दोन नावे एकच आहेत हे कोणतेही नॉर्मलायझेशन सांगणार नाही. रावेरहून बुऱ्हाणपूरला रोज ये-जा करणाऱ्याला जे सहज कळते त्यासाठी प्रोग्रामला गावाचा एक कायमचा क्रमांक लागतो. इथे पुन्हा एन्टिटी आली.

आता तपासणीकडे येतो. पुस्तकाचा उत्तरार्ध तिला दिला आहे आणि माझ्या मते तोच महत्त्वाचा. एक प्रयोग करून पाहा. तारखेच्या क्लासचे इक्वल्स असे लिहा: समोरचा ऑब्जेक्ट याच क्लासचा असेल तर हो, नाहीतर नाही. हॅशकोड कायम १. बस. आता वरचे पाचही नियम ताडा. स्वतःशी समान? हो. उलटसुलट? हो. साखळी? हो. उत्तर स्थिर? हो. नलशी असमान? हो. हॅशकोडचा करारही पाळला. नियमांच्या परीक्षेत शंभरपैकी शंभर, आणि जगातल्या सगळ्या तारखा समान! मुमताज महलचा मृत्यू आणि जामा मशिदीचा लेख एकाच दिवशी. नियम समानतेचा आकार सांगतात, आशय सांगत नाहीत.

याचा परिणाम असा की असमानतेच्या टेस्ट लिहाव्याच लागतात, आणि त्याच बहुतेक जण लिहीत नाहीत. दोन सारखे ऑब्जेक्ट बनवायचे, समान येतात हे पाहायचे, हिरवी खूण मिळाली की निघायचे. खरे काम पुढचे आहे: एकेक फील्ड बदलायचे, बाकी सगळे तेच ठेवायचे, आणि प्रत्येक वेळी उत्तर अपेक्षेप्रमाणे बदलते का पाहायचे. जी फील्डे मुद्दाम वगळली आहेत, जसे की नोंद करणाऱ्याची टीप, ती बदलली तरी उत्तर बदलत नाही हेही लिहायचे. ही दुसरी टेस्ट म्हणजे निर्णयाची नोंद आहे. वर्षभराने कोणी येऊन ‘टीप विसरलेली दिसते’ म्हणून ती इक्वल्समध्ये घालेल तेव्हा टेस्ट त्याला अडवेल.

हे सगळे हाताने करायची गरज नाही. यान ऑवेन्स यांचे इक्वल्सव्हेरिफायर फील्डामागून फील्ड बदलून नियम तपासते. ग्वावाच्या टेस्ट-संचातल्या इक्वल्सटेस्टरला ऑब्जेक्टचे गट दिले की गटातले आपसात समान आणि दोन गटांतले असमान आहेत हे ते पाहते. कोएन क्लासेन आणि जॉन ह्यूज यांच्या २००० सालच्या क्विकचेकपासून सुरू झालेली पद्धत शेकडो यादृच्छिक तारखा बनवून नियम मोडतो का ते शोधते. पायथनमध्ये हायपोथेसिस, जावात जेक्विक. जेयुनिटमध्ये असर्टइक्वल्स आणि असर्टसेम यांतला फरक विसरू नये. पहिले इक्वल्सला विचारते, दुसरे पत्ता पाहते. आणि हेही लक्षात असू द्या की बाकीच्या सगळ्या टेस्ट असर्टइक्वल्सवर उभ्या असतात. तेच इक्वल्स ढिसाळ असेल तर त्या आपोआप पास होतात.

तरीही एक गोष्ट कोणतेच साधन देत नाही: बाहेरचा पुरावा. तो द्यायला संस्कृत लेखाचा कर्ता उभा आहे. त्याने साल एकदाच सांगितले नाही; संवत, शक, संवत्सर, तिथी, वार, नक्षत्र असे सहा अंगांनी सांगितले. यांतले एक चुकले तर दुसऱ्याने पकडावे. अभ्यासकांनी या सगळ्यांचा मेळ घालून दिवस काढला तो सोमवार, ५ जानेवारी १५९०. आता ही तारीख जशीच्या तशी लोकलडेटमध्ये भरा आणि वार विचारा. उत्तर येते शुक्रवार.

लोकलडेट मागे कितीही गेले तरी ग्रेगोरियन हिशेबच धरते, आणि ५ जानेवारी ही ज्युलियन तारीख आहे. इंग्रजांनी १७५२ पर्यंत ज्युलियन दिनदर्शिका चालवली आणि आपल्या इतिहासलेखनात त्या आधीच्या तारखा पुष्कळदा तशाच उतरल्या. शिवजयंतीची १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख ज्युलियनच. ग्रेगोरियन हिशेबाने तो दिवस १ मार्च येतो, आणि वार दोन्हीकडे शुक्रवार. बुऱ्हाणपूरचा तो सोमवार ग्रेगोरियनमध्ये १५ जानेवारी १५९०. गंमत अशी की याच गावी झालेल्या मुमताज महलच्या मृत्यूची तारीख काही पुस्तके ७ जून १६३१ देतात आणि काही १७ जून. वाचक वाद घालतात, पण इथे घटना एक, दिवस एक, दिनदर्शिका दोन. उलट आपल्या वास्तू-यादीत ५ जानेवारी १५९० आणि १७ जून १६३१ शेजारी-शेजारी बसतात तेव्हा एक ज्युलियन असते आणि दुसरी ग्रेगोरियन, आणि फील्डाचे नाव दोन्हीकडे ‘दिनांक’.

म्हणून पुस्तकातल्या क्लासमध्ये समानता ज्युलियन दिवस-क्रमांकावर ठरवली आहे. नावात ज्युलियन असले तरी हा क्रमांक कोणत्याही दिनदर्शिकेचा नाही. जोसेफ स्कॅलिजर यांच्या १५८३ च्या कल्पनेतून आलेली ती दिवसांची सलग मोजणी आहे, आणि खगोलशास्त्रज्ञ ती आजही वापरतात. मशिदीच्या लेखातला दिवस २३०१८१०. त्याला सातने भागा. बाकी शून्य, आणि शून्य म्हणजे सोमवार. संवतातून आलेला, ज्युलियनमधून आलेला आणि ग्रेगोरियनमधून आलेला ऑब्जेक्ट, तिघांचा क्रमांक हाच असला पाहिजे, तिघे परस्परांशी समान असले पाहिजेत, आणि वार सोमवार आलाच पाहिजे. पुस्तकातली मुख्य टेस्ट ही. तिच्यात अपेक्षित उत्तर कोडमधून काढलेले नाही. ते चारशे वर्षांपूर्वी कोणीतरी लिहून ठेवले आहे, आणि त्याला आपल्या कोडशी काही देणेघेणे नव्हते.

या निर्णयालाही किंमत आहे, ती लपवत नाही. हिजरी दिवस सूर्यास्ताला सुरू होतो, पंचांगाचा सूर्योदयाला, घड्याळाचा मध्यरात्री. रात्री घडलेली गोष्ट तिन्हींत एकाच तारखेला पडेलच असे नाही. दिवस-क्रमांकावर समानता ठरवणारा क्लास हा फरक पुसून टाकतो. ज्याला क्षण हवा त्याने क्षणाचा वेगळा क्लास करावा. सातव्या प्रकरणात त्याचा सांगाडा दिला आहे. तसेच मूळ मजकूर, ‘पौष शुद्ध दशमी’ ही अक्षरे, ऑब्जेक्टमध्ये ठेवली आहेत पण समानतेत मोजलेली नाहीत. लिपिशास्त्राच्या अभ्यासकाला हे पटणार नाही. त्याने आपल्या कामासाठी वेगळे ठरवावे आणि त्याच्या टेस्ट वेगळ्या लिहाव्यात.

दोन विषय बाहेर ठेवले. दशांश आकड्यांची समानता हा स्वतंत्र ग्रंथाचा विषय आहे. त्यातले एवढेच घेतले की जावाच्या बिगडेसिमलमध्ये २.० आणि २.०० इक्वल्सने असमान पण कम्पेअरटूने समान निघतात, त्यामुळे हॅशसेट दोन्ही ठेवतो आणि ट्रीसेट एकच. आणि डेटाबेसमध्ये जाण्याआधी ज्याला क्रमांकच मिळालेला नाही अशा एन्टिटीचे काय करायचे, यावर चार शाळांची चार मते आहेत. पुस्तकात एक निवडले आहे, बाकी तीन परिशिष्टात आहेत.

सगळा कोड जावा १७ वर चालतो. पायथनची उदाहरणे समांतर दिली आहेत, त्यांना ३.७ किंवा पुढची आवृत्ती लागेल, कारण डेटाक्लास तेव्हापासून आले. ज्यांना नियम आणि हॅशकोड येतात त्यांनी पहिली तीन प्रकरणे सोडून चौथ्यापासून सुरुवात करावी. प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी एक तुटलेला क्लास दिला आहे. त्याची दुरुस्ती आधी करू नये; आधी तो तुटलेला आहे हे दाखवणारी टेस्ट लिहावी, ती लाल येऊ द्यावी, आणि मग क्लासला हात लावावा.